एक गाव, एक कागद

पंचायतीत मी गेले होते रहिवासी दाखल्यासाठी. त्या दिवशीच्या यादीत तीन कामं होती: दाखला, शाळेसाठी खडूची पेटी आणि शिंप्याकडचे दोन ब्लाऊज. चार इयत्ता एकाच खोलीत शिकवणाऱ्या बाईचं यादीशिवाय भागत नाही. कॅलेंडरची सरलेल्या महिन्यांची पानं मी चौकोनी कापून ठेवते, कोऱ्या बाजूवर कामं लिहिते आणि झालेल्या कामावर रेघ मारते. त्या दिवशी पहिल्याच कामावर रेघ मारायची राहिली. दाखला देणारा कारकून जेवायला गेला होता. बाकावर बसून वाट बघताना समोरच्या भिंतीवर नवा नकाशा दिसला.

गोव्याचं वेगळं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. कुठे घरं व्हावीत, कुठे शेती राहावी, कुठे कारखाने यावेत हे ठरवणारा जमिनीचा आराखडा तयार होत होता, त्याचा हा कच्चा नकाशा. शेतं पोपटी, रानं गडद हिरवी, वस्ती पिवळी. मी मास्तरीण असल्यामुळे नकाशा दिसला की आधी आपला गाव शोधते. लाटंबार्सेच्या अंगाला आमचा वाडा, म्हणजे गावातली आमची वस्ती, सापडला. वाड्याच्या वर, जिथे आमचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, आहे तिथे, जांभळा रंग होता. खाली कोपऱ्यात रंगांचा खुलासा दिला होता. जांभळा म्हणजे उद्योग.

सडा कोणाच्या नावावर नव्हता. कागदावर सरकारचा, वापरात सगळ्यांचा. वरवर बघितलं तर नुसता चिऱ्याचा सपाट, काळपट खडक. परगावचा माणूस म्हणेल, इथे आहे काय? पण तो खडक चार महिने पाऊस पितो आणि मग सावकाश, मे महिन्यापर्यंत, खालच्या झरीतून सोडत राहतो. त्या झरीवर आमच्या वाड्याचं पिण्याचं पाणी, आणि तिच्याच पाण्यावर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतर घेतात ते भाताचं दुसरं पीक. माझ्या मोठ्या जावेचं शेत झरीला सगळ्यात जवळचं. सडा फोडला तर झर जाणार आणि झर गेली तर तिचं वायंगण पहिल्याच वर्षी जाणार. हे समजायला मला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. माझा नवरा सुर्ल्याच्या खाणीवर खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकांच्या खेपा लिहायचं काम करत असे. डोंगराचं डोकं काढलं की पायथ्याच्या विहिरींचं काय होतं, ते तो मला अनेकदा जेवताना सांगत आला होता.

नकाशाखाली सूचना होती, कोकणीत आणि इंग्रजीत. हरकती लेखी द्याव्यात, मुदत तीस दिवस. तारीख बघितली. दहा दिवस गेले होते.

घरी येऊन जावेला सांगितलं. ती गोठ्यात होती. शेणाचे हात तसेच ठेवून तिने विचारलं, "जांभळो? कोणें रंगयलो?"

"ऑफिसात रंगवतात."

"सडो पळयलो तांणी?"

"नसेल बघितला."

"मागीर तुका बरोवपाक येता मगो? बरय."

मला लिहिता येत होतं, म्हणून लिहायचं. तिच्या लेखी विषय संपला. पण आमच्या गावात असं कोणी उठून सरकारला लिहीत नाही. आमच्याकडे बारा वांगड, म्हणजे बारा मूळ घराणी. प्रत्येकाचा एक गांवकार. देवळातली पूजा असो, जत्रा असो, पाण्याची पाळी असो, गावाच्या वतीने बोलायचं ते या बारांनी, आणि बारांच्या वतीने सगळ्यात वडील गांवकाराने. सगळे त्याला काका म्हणत. देवापुढे नारळ ठेवून तो गाऱ्हाणं घालतो तेव्हा तो एकटा बोलतो आणि बाकीचा गाव फक्त 'होय महाराजा' म्हणतो. मी लग्न होऊन पेडण्याहून आलेली, त्यामुळे पहिली काही वर्षं मला हे मजेचं वाटायचं. मग त्यातली सोय लक्षात आली. भांडणं लवकर मिटतात.

मी काकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, नकाशाचं दोनदा विचारलं आणि देवळाच्या मंडपात बैठक बोलावली. बैठकीत ठरलं की मी कागद लिहायचा आणि बारा गांवकारांनी सह्या करायच्या.

भाषेवरून अर्धा तास गेला. राजभाषेचा वाद तेव्हा लोकांच्या तोंडात ताजा होता. एक म्हणाला कोकणीत लिहा, दुसरा म्हणाला मराठीत. दोघेही हे कोकणीतच म्हणत होते. शेवटी काकांनी निकाल दिला की आपण बोलतो कोकणी आणि आपल्याला लिहायला शिकवलं मराठी, तेव्हा जे शिकवलं त्यात लिहू, आणि ऑफिसातला काही बोलला तर त्याला सांगू कोकणीत.

कागद मी मन लावून लिहिला. सर्व्हे नंबर, झरीची जागा, वायंगणाचं क्षेत्र, गुरं चरण्याची वाट, सगळं क्रमाने. मग सह्या. इथे माझी यादी कोलमडली. सह्या मानाप्रमाणेच व्हायला हव्या होत्या. पहिल्याची झाल्याशिवाय दुसरा करणार नाही, दुसऱ्याची झाल्याशिवाय तिसरा नाही. तिसरा गांवकार मुलाकडे वास्कोला गेला होता. चौथा माझ्या घरापासून हाकेवर, पेन खिशात, पण हात लावेना.

"बाय, हांव चवथो," तो म्हणाला. "तिसऱ्याची जागा रिकामी सोडून सही केली तर तो माझ्याशी मरेपर्यंत बोलायचा नाही."

"तो तसाही कुठे बोलतो?" मी म्हटलं.

"तें खरें. पण आतां कारण ना. मागीर कारण मेळटलें." आता कारण नाही, नंतर मिळेल.

तिसरा आला, सह्या झाल्या. त्यात आठ दिवस गेले. तरी बारा सह्या एका खाली एक, मानाच्या क्रमाने, बघून मला समाधान वाटलं. माझ्या आयुष्यात मी तयार केलेला तो सगळ्यात नीटनेटका कागद होता.

रजा टाकून मी तो घेऊन आराखड्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाने कागद वाचला, खरोखर वाचला, आणि आवक रजिस्टरात नोंद केली. मी मान वाकडी करून बघितलं. त्याने लिहिलं होतं: हरकत, एक.

"बारा सह्या आहेत," मी म्हटलं.

"दिसतात की."

"आणि हे बारा जण म्हणजे सगळा गाव."

"असेल बाई. पण कागद एक, हरकत एक." तो उद्धट नव्हता. नियम सांगत होता.

माझ्या मागे एक गृहस्थ उभे होते. त्यांच्या काखेत कागदांचा गठ्ठा होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला तेव्हा वरचा कागद मला वाचता आला. आमच्याच सड्याबद्दल होता. कारखाने यावेत, आमचा पाठिंबा आहे. त्याखालचाही तोच, त्याखालचाही तोच. एकच मजकूर झेरॉक्स केलेला, फक्त खालची नावं वेगळी. ते गृहस्थ गेल्यावर मी कारकुनाला विचारलं, "याच्या किती नोंदी होणार?"

"जितके कागद तितक्या." मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि जरा हळू म्हणाला, "पण बाई, समितीसमोर असे गठ्ठे एका ओळीत उरकतात. वेगळं कारण लिहिलेला कागद मात्र वेगळा वाचावा लागतो. तुमच्याकडे अजून बारा दिवस आहेत."

परतीच्या बसमध्ये माझा राग कोणावर काढावा हे मला कळेना. गावावर काढला तर अन्याय होता. मोजणी कशी करतात हे आधी विचारायचं काम माझं होतं आणि ते माझ्या यादीत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून, अगदी आमच्या रीतीने, गाव एका कागदावर आणला होता आणि तिथे त्याचा एकच झाला होता.

संध्याकाळी मंडपाच्या पायरीशी उभी राहून मी जे घडलं ते सांगितलं. काका खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "म्हणजे माझी सही आणि तिठ्यावरच्या विडीवाल्याची सही, सारखीच?"

"हो काका."

"आणि तुझी?"

"माझीही."

"घरांघरांतून कागद गेले तर ऑफिसातले म्हणतील, हा गाव फुटलेला आहे. एक गांव, एक कागद. आजोबांच्या काळापासून असंच."

त्यांच्या बोलण्यात हट्ट होता, पण भीतीही होती. आता वळून बघताना ती मला जास्त स्पष्ट दिसते. गावाचा आवाज त्यांच्या गळ्यातून निघतो, यावर त्यांचं सगळं म्हातारपण उभं होतं.

बायका मंडपात बसत नाहीत. बाहेर पायरीशी उभ्या राहतात. तिथून माझी जाऊ म्हणाली, "काकानू, एक विचारूं?"

"विचार."

"झरीचें उदक कोण हाडटा? बारा गांवकार?"

ती एक पायरी वर चढली.

"आयज मेरेन एका तरी गांवकाराच्या माथ्यार कळशी पळयली कोणें?"

पहिल्यांदा चौथा गांवकार हसला. मग मागच्या रांगेतले हसले. काका हसले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली आणि मिशीवरून हात फिरवला. जाऊ गप्प राहिली असती तर ती माझी जाऊ कसली. "सही नाका तर नाका," ती म्हणाली, "झर आटली की बाराय जाणांक एकेक कळशी दितां. भरतले खंयच्यान तें तुमी पळयात." कुठून भरणार ते तुम्ही बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी देवळात नारळ ठेवला. मी शाळेत जाता जाता थांबले होते म्हणून मला ऐकायला मिळालं. त्यांनी नेहमीसारखं गाऱ्हाणं घातलं, मग म्हणाले की महाराजा, आजवर गाव तुझ्यापुढे एका तोंडाने बोलत आला. आता काही दिवस पुष्कळ तोंडांनी बोलणार आहे, तो फुटला असं समजू नकोस. तिथे हजर असलेले पाचसहा जण 'होय महाराजा' म्हणाले. मीही म्हणाले. आणि काका देवळाबाहेर आले ते थेट घराघरांत गेले. जो माणूस काल नको म्हणत होता, तो आज दारात उभा राहून विचारत होता, "तुझो कागद जालो?"

शाळा सुटल्यावर मी व्हरांड्यात मेज मांडून बसू लागले. लिहिता येणारे स्वतः लिहीत, बाकीचे सांगत आणि मी लिही. एकच अट मी घातली होती. दुसऱ्याचं कारण उचलायचं नाही. तुम्हाला स्वतःला सडा कशाला लागतो तेवढं सांगा.

लोकांना वाटलं होतं त्यापेक्षा हे अवघड निघालं. पहिले चार जण आले आणि चौघेही 'गांवाच्या बऱ्याखातीर' म्हणाले. मी त्यांना परत पाठवलं. मग पोदेर आला, पाव विकणारा. सायकल टेकवून म्हणाला, सड्यावरची पायवाट बंद झाली तर मला तिठ्यावरून वळसा, आणि पलीकडच्या वाड्याला थंड पाव. हे लिहिलं. हे ऐकून बाकीच्यांना वाट सापडली. एकाची गुरं, एकाचे उतारावरचे काजू, एकीच्या विहिरीचं पाणी. धालोच्या मांडावर बायका पौषात फेर धरतात, त्या मांडाची माती सड्याच्या कडेवरून आणतात, ते एकीने सांगितलं. मी इतकी वर्षं त्या फेरात होते, मला माहीत नव्हतं. एका म्हातारीने शेजारणीच्या कोंबड्यांची तक्रार लिहायला लावली. मी लिहिली आणि वेगळी ठेवली.

अळमी विकणाऱ्या बाईने सगळ्यात जास्त वेळ घेतला. अळमी म्हणजे श्रावणात वारुळांवर उगवणारी रानटी अळंबी. ती सड्याच्या बाजूला मिळतात आणि कुठल्या वारुळावर मिळतात हे आई मुलीला सांगते, सुनेलासुद्धा लगेच सांगत नाही.

"जागा लिहावी लागते," मी म्हटलं.

"बरय, सड्यार."

"सड्यावर कुठे?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या ट्रंकेची चावी मागितली. "बाई, तुमी आज ऑफिसाखातीर विचारतात. श्रावणांत तुमची जाऊ थंय पावतली."

"मी तिला सांगणार नाही."

"तुमी सांगचीं नात. ती वाचतली."

"तिला वाचता येत नाही."

"तिका सगळें येता," ती म्हणाली. "सडो व्हड आसा. जाय जाल्यार सोदूं दी तांकां." शोधू दे त्यांना. मी लिहिलं: नेमकी जागा अर्जदारास माहीत आहे.

सुर्ल्याला ट्रक चालवणारी दोनतीन कुटुंबं आमच्या वाड्यात भाड्याने राहत. सिंधुदुर्गातून आलेली. त्यातला एक जण व्हरांड्याखाली चप्पल काढून उभा राहिला, वर येईना. "बाईनू, आमी भायले. आमचो कागद चलात काय? आनी उद्या मालकान नाव वाचल्यान तर?"

माझा नवराही त्याच कामावर होता. काका शेजारी कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसून कागद मोजत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "हांगाचें उदक पिता मरे तूं?"

"पितंय."

"मागीर बरय."

तो बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. त्या रात्रीच्या जेवणाआधी माझ्या नवऱ्यानेही कागद मागितला. त्याने काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. सही मात्र पूर्ण नावाची, पगारपत्रकावर करतो तशी केली होती. पाकिटात घालताना मी शेवटची ओळ चोरून वाचली. मी ज्या डोंगराच्या खेपा लिहितो त्याच्या पायथ्याशीही एक झर होती.

मुदतीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो, मी आणि काका. एकशे सदतीस कागद, घरांच्या क्रमाने लावलेले, सोबत माझी यादी. काकांनी लग्नातला कोट घातला होता. ऑफिसात त्यांनी प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यासह मागितली. कारकुनाने एकदा माझ्याकडे, एकदा घड्याळाकडे बघितलं आणि शिक्का काढला. जेवणाची सुट्टी होईपर्यंत तो मारत होता. कोंबड्यांची तक्रारही चुकून त्यातच गेली होती. तिलाही शिक्का मिळाला.

समिती पाहणीला आली ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला. सडा तेव्हा निळ्या आणि पिवळ्या बारीक फुलांनी भरलेला असतो आणि खडकाच्या खळग्यांत पाणी असतं. गाडीतून उतरलेल्या साहेबांच्या बुटांत पहिल्याच मिनिटाला पाणी शिरलं. त्यांनी बूट काढले. ते बघून मला उगाच बरं वाटलं. त्यांच्या हातात आमच्या कागदांचा गोषवारा होता, आणि ते खरंच एकेक विचारत होते: पोदेराची वाट कोणती, मांडाची माती कुठली. अळम्यांचं विचारलं तेव्हा अळमीवाली दुसरीकडे बघत राहिली. झर दाखवायला जाऊ पुढे झाली. ती इतक्या भरभर उतरली की साहेब अनवाणी तिच्यामागे, आणि काका कोट सांभाळत साहेबांच्या मागे.

पक्का नकाशा लागायला बराच काळ गेला. मध्ये दोनदा मला वाटलं की काही होणार नाही. मग एक दिवस पंचायतीचा शिपाई शाळेच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, नकाशा आयलो." मी मुलांना पाढे लिहायला दिले आणि गेले. सडा हिरवा होता. रस्त्याला लागून एक पट्टी जांभळी राहिली होती. ती आम्हाला वाचवता आली नाही आणि तिथे पुढे गोदाम झालं. पण झरीच्या वरचा सगळा भाग गडद हिरवा, रानाचा.

संध्याकाळी जावेला घेऊन गेले. काका आधीच तिथे उभे होते. जावेने नकाशाला नाक लावलं. मी तिला बोटाने दाखवलं: हा सडा, हा वाडा, हे तुझं शेत. तिने हिरव्या रंगावरून हात फिरवला, मग खाली आणला, पुन्हा वर नेला.

"झर खंय?"

झर नव्हती. नदी होती, ओहोळ होता, पण झरीची खूण कुठेच नव्हती.

"एवढी लहान दाखवत नसतील," मी म्हटलं.

"ल्हान?" ती म्हणाली. "आमी पितांव ती ल्हान? आज दाखयली ना, फाल्यां म्हणतले नासली." आज दाखवली नाही तर उद्या म्हणतील, नव्हतीच.

काका म्हणाले, "ती सांगता तें खरें." इतक्या वर्षांत त्यांनी तिला खरं म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. तिनेही ऐकलं, पण दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही झरीवर गेलो. झर नकाशावर दाखवावी असा अर्ज करायचा होता आणि त्यात अंतर लिहायला हवं होतं, म्हणून मी शाळेची मैदान आखायची लांब मोजपट्टी घेतली होती. सर्व्हेच्या दगडापासून झरीपर्यंत किती मीटर, ते मोजायचं. दगडापाशी मी उभी राहिले. काकांनी धोतर वर खोचलं, पट्टीचं दुसरं टोक धरलं आणि पाण्यात उतरले. जाऊ काठावरून सांगत होती, "आनीक फुडें, काकानू, आनीक फुडें, थंय ना, जंय बुडबुडे येतात थंय." खाली तिचं वायंगण नुकतंच लावून झालेलं होतं आणि पाणी वाफ्यावाफ्यातून सरकत होतं. घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहून काका ओरडले, "बरयता कितें तें वेगीन बरय गो बाय, पांय थंड जाले!"